मर्सिडीज की बीएमडब्ल्यू? आधी क्राउन की सेड्रिक ते ऐका!

मंडळी, दर दोन-तीन महिन्यांनी पुण्याहून एखाद्या मित्राचा फोन येतो. फ्लॅटचं कर्ज फिटलेलं असतं, पोरगं मार्गी लागलेलं असतं आणि प्रश्न ठरलेला असतो. "अरे, तू जपानात गाड्यांच्याच धंद्यात आहेस ना, मग सांग, मर्सिडीज घेऊ की बीएमडब्ल्यू?"

आता मी इथे आइची प्रांतात सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. अर्धं आयुष्य रबरी सील्समध्ये गेलं. मला हे विचारणं म्हणजे पोळपाट बनवणाऱ्याला पुरणपोळीची कृती विचारण्यासारखं. तरी आजवर मी इमानेइतबारे उत्तर द्यायचो. परवा मात्र तिरसटासारखा म्हणालो, "कुठलीही घे रे, दोन्ही परक्याच!" मित्र फुगला. फोन ठेवला. त्याची समजूत काढायला हा लेख.

माझ्या शेजारी एक निवृत्त आजोबा राहतात. जन्मभर टोयोटाची क्राउन चालवली. त्यांचा धाकटा भाऊ योकोहामाकडचा, तो निस्सानच्या सेड्रिकवाला. नववर्षाला भाऊ एकत्र जमले की साके पोटात जाते आणि भांडण सुरू होतं. क्राउनची गादी मऊ की सेड्रिकचं इंजिन तगडं? आपल्याकडे गावसकर की विश्वनाथ यावर काका लोक भांडायचे, तस्संच. मी कोपऱ्यात बसून ऐकतो आणि मला चक्क हेवा वाटतो. गाड्यांचा नाही हो, भांडणाचा! दोन्ही गाड्या त्यांच्या घरच्या आहेत.

ही भांडणाची चैन त्यांना आयती मिळालेली नाही. जरा इतिहास सांगतो, कंटाळू नका.

पहिली क्राउन आली जानेवारी १९५५ मध्ये. दीड लिटरचं इंजिन, मागची दारं उलटी उघडणारी. नागाकुतेच्या टोयोटा संग्रहालयात ती बघायला मिळते. केन्या नाकामुरा नावाच्या इंजिनियरने परदेशी कंपनीशी करार न करता ती उभी केली. रस्ते म्हणाल तर १९५६ मध्ये वॉटकिन्स नावाच्या अमेरिकन तज्ज्ञाचं पथक जपानात आलं आणि इथले रस्ते अविश्वसनीय वाईट आहेत असं लिहून गेलं. म्हणजे 'आपल्याकडे रस्तेच नाहीत, गाड्या कशा बनणार' ही सबब त्यांनाही चालली असती. क्राउनचं पुढचं सस्पेन्शन त्या खड्ड्यांत टिकेल की नाही अशी खुद्द टोयोटालाही धाकधूक होती. म्हणून टॅक्सीवाल्यांसाठी 'मास्टर' नावाची दणकट गाडी जोडीला काढली. क्राउन टिकली आणि मास्टरच वर्षा-दोन वर्षांत बंद करावी लागली.

निस्सानची गोष्ट आपल्याला जास्त जवळची आहे. त्यांनी १९५२ मध्ये इंग्लंडच्या ऑस्टिनशी करार केला. आधी सुटे भाग आणून जोडणी, मग एकेक भाग घरी बनवायचा. १९६० मध्ये ऑस्टिन शिकून झाली आणि त्यांनी स्वतःची सेड्रिक बाजारात आणली.

आणि आपण? त्याच सुमारास आपल्या हिंदुस्तान मोटर्सनेही इंग्लंडचीच गाडी घेतली, मॉरिस ऑक्सफर्ड. तिची झाली अँबॅसेडर. म्हणजे एकाच शाळेतले दोन विद्यार्थी! एकाने आठ वर्षांत पुस्तक मिटून स्वतःचा पेपर लिहिला. दुसरा २०१४ मध्ये कारखाना बंद होईपर्यंत तेच पुस्तक गिरवत बसला. मधे जाळी बदलली, दिवे बदलले, इसुझुचं इंजिनही आलं, पण अंगकाठी तीच. ऐंशीच्या दशकात ऐटबाज म्हणून कोंटेसा आणली, तीही इंग्लंडात बंद पडलेल्या व्हॉक्सहॉलची!

इथे माझा मित्र म्हणेल, "अरे, जपानी मुळातच शिस्तीचे, कष्टाळू." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. आमच्या कंपनीत दुपारच्या मीटिंगमध्ये डुलक्या काढणारे जपानी मी रोज बघतो. फरक रक्ताचा नाही, स्पर्धेचा आहे.

"पण त्यांच्या सरकारने परदेशी गाड्या अडवून धरल्या होत्या!" बरोबर, १९६५ पर्यंत परदेशी तयार मोटारींच्या आयातीवर बंधनं होतीच. पण दार लावून घेतल्यावर घरात कुस्ती चालू ठेवली. साठच्या दशकात तिथल्या मंत्रालयानेही मोजक्याच कंपन्या ठेवायचा घाट घातला होता. त्यासाठी आणलेलं विधेयक संसदेत पास झालं नाही, हे जपानचं नशीब. आपण मात्र दार लावलं आणि आतल्या पैलवानांना खुर्च्या दिल्या. किती गाड्या बनवायच्या तेही परवान्यावर ठरायचं. फियाट होती की, असं म्हणाल. होती, पण गिऱ्हाईक दोन्हीकडे नंबर लावून वर्षानुवर्षं थांबलेलं. जो माल न सुधारताही खपतो, तो सुधारणार कोण?

कुस्ती म्हणजे काय ते १९७१ मध्ये दिसलं. टोयोटाने क्राउनला गोलमटोल नवं रूप दिलं. लोकांनी तिचं नाव ठेवलं 'देवमासा' आणि सेड्रिक व तिची जुळी बहीण ग्लोरिया यांच्याकडे वळले. १९७४ मध्ये टोयोटाने निमूटपणे ते रूप मोडीत काढलं. १९७९ मध्ये निस्सानने या जोडीत जपानचं पहिलं टर्बो इंजिन घातलं, पुढच्या वर्षी टर्बोवाली क्राउन हजर! १९८३ मध्ये निस्सानने जपानचं पहिलं व्ही-६ काढलं. त्याच वर्षी क्राउनची जाहिरात आली, तिचा आशय असा की एक ना एक दिवस क्राउन घ्यायचीच. गिऱ्हाइकाच्या एका नकाराने कंपनीची झोप उडते, ती निवड खरी. बाकी सगळी नुसती खरेदी.

असो. आता आपल्याकडे या. २०१० मध्ये औरंगाबादच्या मंडळींनी एकगठ्ठा १५० मर्सिडीज घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा सौदा! शहराचं नाव झालं, मलाही गंमत वाटली. पैसा त्यांचा, हौस त्यांची. पण मर्सिडीजच्या आराखड्यातली एक रेघ तरी आपल्या नकाराने हलेल का? टाटांनी २००८ मध्ये जग्वार विकत घेतली तेव्हा माझीही छाती फुगली होती. तरी तीसुद्धा खरेदीच!

जपानची आरती ओवाळतोय असं समजू नका. सेड्रिक २००४ मध्ये संपली, तिच्या जागी आलेली फुगा २०२२ मध्ये. सेड्रिकवाले धाकटे आजोबा हल्ली भांडणात गप्प असतात. क्राउन वर्षानुवर्षं इथल्या अरुंद गल्ल्यांसाठी १८०० मिलिमीटर रुंदीत बसवत होते. जगभर विकायची ठरल्यावर २०२३ ची सेडान १८९० झाली. शेजारचे आजोबा टेप घेऊन गॅरेज मोजून आले आणि मान हलवत बसले. समोरचा पैलवान गेला की उरलेल्याचंही पोट सुटतं!

मग मित्रा, घेऊ काय म्हणतोस? बायको म्हणेल ती घे. पण एक सांगतो. २०१८ मध्ये टाटांच्या नेक्सॉनला अपघात-चाचणीत पाच तारे मिळाले, भारतीय गाडीला पहिल्यांदाच. जानेवारी २०२० मध्ये महिंद्राच्या एक्सयूव्ही ३०० नेही पाच मिळवले. एक रांजणगावची, दुसरी नाशिकची. आलिशान नाहीत, सेडानही नाहीत. पण कुस्ती लागली आहे, आणि तीही आपल्या आखाड्यात. या दोघांच्या शोरूममध्ये जा, दार आपटून बघ, खोट काढ, नाक मुरड. एकाला नकार दे आणि का दिलास ते तोंडावर सांगून ये. तुझ्या नातवाने दिवाळीत चुलतभावाशी घरच्या दोन गाड्यांवरून भांडावं असं वाटत असेल, तर सुरुवात तिथून आहे.