काट्याकडे बघा, मग पाना उचला

बुलेट स्टार्ट होत नाही म्हटलं की अनेकांचा हात आधी कार्बोरेटरकडे जातो. जुन्या, पॉइंटवाल्या बुलेटवर मात्र निदानाचं यंत्र कंपनीनेच हेडलाइटच्या वर बसवून दिलंय: अँपमीटर. चावी फिरवून किक पायाने सावकाश दाबत गेलं, की पॉइंट मिटलेले असताना काटा वजा बाजूला झुकतो आणि उघडताच शून्यावर येतो. काटा असा डुलला, तर बॅटरीचा करंट कॉइलमधून पॉइंटपर्यंत पोचतोय. ढिम्म राहिला, तर फ्यूज, पांढरी पडलेली बॅटरीची टर्मिनलं, नाहीतर काजळलेले पॉइंट. पॉइंटवर बारीक पॉलिश पेपर फिरवून गॅप 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेवला, की निम्म्या तक्रारी मिटतात. (गॅरेजवाले हे फुकटात सांगत नाहीत!) काटा डुलूनही प्लगवर ठिणगी नसेल किंवा ती पिवळट, मरगळलेली असेल आणि पॉइंटवरच चटचट उडत असेल, तर संशय कंडेन्सरवर घ्यावा, वस्तू स्वस्त, पण भल्याभल्यांना चकवणारी. तपासणी आटोपली की चावी मात्र आठवणीने बंद करा. पॉइंट मिटलेले राहिले, तर कॉइल तापते आणि बॅटरी उतरते.