धागा : पोथी, पाद्री आणि प्रार्थनेची भाषा

सोलापूर जिल्ह्यातील घराघरांत श्रावणात ज्या पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेल्या, त्यांतील ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ आणि ‘शिवलीलामृत’ या श्रीधरांच्या. श्रीधर मूळचे सांगोला तालुक्यातील नाझरे गावचे. त्यांचे बरेचसे आयुष्य पंढरपुरात गेले. ग्रंथरचनेचा काळ अठराव्या शतकाचा पूर्वार्ध. त्यांच्या आधी ऐंशी-नव्वद वर्षे, याच ओवीत आणि याच पोथीच्या घाटात, एका इंग्रज पाद्र्याने येशूचे चरित्र सांगितले होते. पोथी ऐकत वाढलेल्या जिल्ह्यात ही दुसरी पोथी अपरिचित राहिली, याला बरीच कारणे आहेत. त्यांपैकी काही इतिहासाची आहेत, काही आजच्या भांडणांची.

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले आणि १६१९ साली तेथेच वारले. मधली चाळीस वर्षे मुख्यतः साष्टी भागात गेली. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले. देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते, म्हणून मराठी ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला. ‘पैले पुराण’ आणि ‘दुसरे पुराण’ असे त्याचे दोन भाग, ९५ अवस्वरू म्हणजे अध्याय, आणि सुमारे ११,००० ओव्या. पहिल्या भागात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनचा जुना करार आहे, दुसऱ्यात येशूचा जन्म, क्रूसावरील मरण आणि पुनरुत्थान.

या ग्रंथाचे नाव निघाले की दोन तट पडतात. एक तट म्हणतो, हा ख्रिस्ती ज्ञानेश्वरीचा चमत्कार. परकीयाने मराठीवर केलेले निस्सीम प्रेम. दुसरा म्हणतो, हे आमिष. पुराणाचे सोंग घेऊन केलेले धर्मांतर. दोन्ही तटांचे सारे लक्ष स्टीफन्सच्या हेतूकडे लागलेले असते. ज्यांच्यासाठी ग्रंथ लिहिला, त्या श्रोत्यांकडे मात्र दोघांचेही दुर्लक्ष होते.

आधी काळाचे वास्तव मान्य केले पाहिजे. गोव्यात इन्क्विझिशन १५६० साली स्थापन झाले. १५६७च्या सुमारास साष्टीतील देवळे पाडली गेली. १५८३ साली कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले. त्यांत अकबराच्या दरबारी जाऊन आलेले रुडॉल्फ अक्वाविवाही होते. ज्या समाजासाठी ‘ख्रिस्तपुराण’ लिहिले गेले, त्याच्या डोळ्यांसमोरून हे सारे गेले होते. हा संदर्भ गाळून केलेले ग्रंथाचे कौतुक भाबडे ठरते. पण संदर्भ सांगितला की ग्रंथ समजला, असेही नाही.

ग्रंथाचा आरंभच याबाबत बोलका आहे. साष्टीतील देवळात (स्टीफन्स चर्चला देऊळच म्हणतात) धर्मशिक्षण चालू आहे, आणि नवख्रिस्ती श्रोत्यांपैकी एकजण पाद्रीबाबांपुढे गाऱ्हाणे मांडतो. शिकवता ते ठीक, पण आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत. मग त्यांच्या जागी मराठी भाषेत आमच्यासाठी एखादे पुराण का देत नाही? असा त्याच्या बोलण्याचा आशय. हा प्रसंग घडला की रचला, हा मुद्दा येथे गौण आहे. धर्म बदललेल्या माणसाचे कान बदललेले नाहीत, आणि त्या कानांना काही मागण्याचा अधिकार आहे, हे ग्रंथकर्त्याने पहिल्याच अध्यायात कबूल करून टाकले आहे.

येथे कॅथलिक धर्मशास्त्राचा एक मुद्दा समजून घ्यावा लागतो, कारण त्याशिवाय पुराणाची जागा कळत नाही. कॅथलिक उपासनेच्या केंद्रस्थानी मिस्सा आहे. भाकर आणि द्राक्षरस हे ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त होतात, ती केवळ आठवण किंवा प्रतीक नव्हे, ही त्या विधीमागची श्रद्धा. शब्दांना इतके वजन असल्यावर ते बदलण्याचे भयही तितकेच. युरोपात प्रॉटेस्टंटांनी उपासना लोकभाषेत आणली होती, आणि त्या लाटेला उत्तर देताना ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६२ साली ठरवले की मिस्सा सर्वत्र लोकभाषेत करणे इष्ट नाही. मात्र त्याच प्रकरणात परिषदेने दुसरी आज्ञा दिली : लेकरे उपाशी राहू नयेत म्हणून धर्मगुरूंनी मिस्सेतील गोष्टी, विशेषतः रविवारी व सणांच्या दिवशी, लोकांना वारंवार समजावून सांगाव्यात.

वेदीवर लॅटिन, वेदीबाहेर लोकांची भाषा. ‘ख्रिस्तपुराण’ या फटीतून उगवले. गोव्यातील चर्चमध्ये रविवारी आणि सणावारी मिस्सेनंतर ते वाचले जाई, म्हणजे सामूहिक पारायणच. ज्याला वेदीवरचे शब्द कळत नव्हते, त्याला त्यांचा अर्थ ओवीतून कळत होता.

स्टीफन्सने भाषेचेही दोन थर राखले. त्यांची प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाची पुस्तिका (प्रकाशन १६२२) बोलीत, म्हणजे कोंकणीत आहे. पुराण ग्रांथिक मराठीत. मुलांना प्रार्थना पाठ करून घ्यायच्या तर घरची बोली, आणि पोथी म्हणून मान मिळवायचा तर पोथीची भाषा. एकाच श्रोत्याच्या दोन गरजा त्यांनी ओळखल्या होत्या. निव्वळ आमिष दाखवणारा माणूस इतका खटाटोप करीत नाही, असे म्हणायला जागा आहे.

मग शब्दांचे काय? स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ चालले. पण पवित्र त्रैक्याचे वर्णन करताना रोमन लिपीतील प्रतींत ‘स्पिरितु सांतु’ तसाच ठेवलेला आढळतो. जे शब्द श्रद्धेच्या गाभ्याचे, तेथे भाषांतराचे धाडस नको, हा सावधपणा. गंमत पुढे आहे. लंडनच्या मार्सडेन संग्रहात या पुराणाची देवनागरी हस्तलिखित प्रत सापडली आणि तिच्यात अशा अनेक पोर्तुगीज-लॅटिन शब्दांच्या जागी संस्कृत शब्द दिसले. मूळ प्रत कोणती आणि फेरफार केलेली कोणती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. कोणतीही मूळ असो, एकाच ओवीसाठी दोन शब्दकळा वापरात होत्या एवढे निश्चित. आपल्या देवाला कोणत्या शब्दाने हाक मारावी, हे त्या समाजात पक्के झालेले नव्हते.

ही देवनागरी प्रत १९२०च्या दशकात अभ्यासकांपुढे आणली जस्टिन अ‍ॅबट यांनी. महिपतींसह मराठी संतकवींचे इंग्रजी अनुवाद करणारे हेच अ‍ॅबट, आणि ते अमेरिकन मराठी मिशनचे! सोलापुरात ‘मिशन’ म्हटले की जे आठवते, तेच हे प्रॉटेस्टंट मिशन. कॅथलिक पुराणाची पोथी प्रॉटेस्टंट मिशनरी उजेडात आणतो. संप्रदायांच्या सीमा ग्रंथालयात इतक्या कडक नसतात.

मधल्या काळात पुराणावर मोठा घाव पडला तो परधर्मीयांकडून नव्हे, पोर्तुगीज सत्तेकडूनच. जून १६८४ मध्ये व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर याने फर्मान काढले की गोव्यातील लोकांनी तीन वर्षांत मायबोली सोडून पोर्तुगीज बोलावी. (१६८३च्या स्वारीत संभाजीराजांनी ज्याला जेरीस आणले, तोच हा.) १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांत. गोवा सोडून मंगळूर भागात गेलेल्या कुटुंबांनी तो जपला आणि १९०७ साली तेथेच पुन्हा छापला गेला. देवनागरीत छापील रूप मिळण्यासाठी १९५६ साल उजाडावे लागले. ते काम शांताराम बंडेलू यांनी पुण्यात केले. सत्तेने लादलेला आणि सत्तेनेच नाकारलेला ग्रंथ लोकांनी हाताने उतरवून ठेवला. ‘आमिष’वाल्यांनी या वस्तुस्थितीचे उत्तर द्यायला हवे.

सोलापूरचे कॅथलिक १८८६ साली स्थापन झालेल्या पुणे धर्मप्रांतात येतात. त्या प्रांताची सुरुवातीची धुरा जर्मन जेझुइटांकडे होती. तेथेही वेदीवर लॅटिनच. भाषा बदलली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेमुळे : ४ डिसेंबर १९६३च्या उपासनाविषयक दस्तऐवजाने लोकभाषांना वाट मोकळी केली. ट्रेंटने वेदीबाहेर जे सोपवले होते, ते ४०० वर्षांनी वेदीवर चढले.

मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू नांदणाऱ्या सोलापुरात ‘लोकभाषा’ म्हणजे नेमकी कोणती, हा प्रश्न रोममध्ये वाटतो तितका सोपा नाही. तरीही मराठीत जे रुजले ते लक्षणीय आहे. बाळाचा स्नानसंस्कार, संध्याकाळची जपमाळ, ईस्टरपूर्वीचा ४० दिवसांचा उपवासकाळ : हे शब्द ऐकणाऱ्या वारकऱ्याला कोश उघडावा लागत नाही. ‘स्पिरितु सांतु’ आता ‘पवित्र आत्मा’ झाला. ‘नाताळ’ आणि ‘पाद्री’ मात्र पोर्तुगीजच राहिले, आणि ते परके आहेत हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

या पार्श्वभूमीवर एक ताजी घटना पाहावी. सोलापूरच्या शेजारी, उस्मानाबादला (आताचे धाराशिव) जानेवारी २०२० मध्ये ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. निवड जाहीर होताच आक्षेप आला : ख्रिस्ती धर्मगुरू मराठी साहित्याचा अध्यक्ष कसा? हा आक्षेप त्यांच्या लेखनावर असता, तर तो वाङ्मयीन वाद ठरला असता. तो झग्यावर होता. ज्यांच्या ‘सुबोध बायबल’ला मराठी अनुवादासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता, त्या माणसाला मराठीतील आपली जागा सिद्ध करायला सांगितले जात होते.

साष्टीतील त्या श्रोत्याने पाद्र्याकडे मराठी पुराण मागितले होते. उस्मानाबादच्या वेळी पाद्र्याकडेच मराठीपणाचा दाखला मागण्यात आला. पाठीच्या दुखण्याने प्रकृती साथ देत नसतानाही दिब्रिटो संमेलनाला आले, आणि आपले अध्यक्षीय भाषण त्यांनी मराठीतच केले.