जुन्या बुलडोझरचें एंजिन : बदलावें कीं दुरुस्त करावें ?

होळीपासून मृगापर्यंतचे तीन महिने हा आम्हां कोंकणपट्टींतील शेतकऱ्यांचा जमीन सुधारण्याचा हंगाम होय. भात निघालें, वाल निघाला, जमीन मोकळी झाली. आतां वरकस सपाट करावें, नवीं खाचरें पाडावीं, बांध भरावे, अशीं कामें प्रत्येकाच्या मनांत असतात. नेमक्या अशा वेळीं मंडळीचा जुना बुलडोझर बंद पडतो, मिस्त्री "एंजिन गेलें" असें सांगतो, आणि चार दिवसांत निर्णय घ्यावा लागतो. घाईचा निर्णय बहुधा चुकतो. असा एक चुकलेला निर्णय आमच्या सहीनें झालेला आहे. म्हणून या विषयावर लिहिणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

काशी आणि मीरा हीं एके काळचीं भातशेतीचीं गांवें. १९८५ सालीं मीरा-भाईंदर नगरपालिका झाली, २००२ सालीं महानगरपालिका झाली, आणि जेथें पूर्वीं पीकपाहणीस तलाठी हिंडत असे तेथें आज इमारती उभ्या आहेत. आमच्यापैकीं बहुतेकांची शेती आतां खाडीपलीकडे, वसई व पालघरच्या बाजूस आहे. यंत्र मात्र आम्ही काशीमीऱ्यासच ठेवतों. कारण घोडबंदरचा रस्ता अहमदाबादच्या हमरस्त्यास मिळतो त्या भागांत मिस्त्री, लेथवाले व सुट्या भागांचे दुकानदार हाताशीं असतात. ही सोय मोठी आहे. परंतु हाताशीं असलेला माणूस घाईहि हाताशीं आणून देतो, हें आम्हीं अनुभवानें जाणलें.

कांहीं वर्षांपूर्वीं एका चैत्रांत यंत्र एका सभासद बाईंच्या दीड एकर वरकसांत काम करीत होतें. वरची माती एका कडेला ओढून ठेवली होती, खालचा मुरूम उघडा पडला होता. दुसऱ्या दिवशीं सकाळीं एंजिन फिरेना. चालकानें दोन-तीनदां स्टार्टर मारला, "खट्" असा आवाज झाला, आणि सर्व थांबलें. मिस्त्रीनें बाहेरूनच पाहून सांगितलें कीं एंजिन जाम झालें, तें उघडण्यांत अर्थ नाहीं, लॉरीचें एक जुनें एंजिन आहे तें बसवूं. आम्ही त्या वेळीं मंडळीचा हिशेब पाहत होतों. आम्हीं किंमत विचारली, कारण विचारलें नाहीं. व्हाउचरावर सही केली, आणि जुनें एंजिन भंगाराच्या भावानें त्याच माणसास देऊन टाकलें.

नवें म्हणून आणलेलें एंजिन बसविण्यांत ज्येष्ठ संपला. मृगाचा पाऊस वेळेवर आला. ओढून ठेवलेली माती ओढ्यास गेली, मुरूम तेवढा राहिला, आणि त्या वर्षीं बाईंच्या शेतांत लावणी झाली नाहीं. पुढच्याच हंगामांत लॉरीच्या एंजिनाचीं बेअरिंगें गेलीं. याच सुमारास आम्हांस कळलें कीं आमचें भंगारांत घातलेलें एंजिन कोणीं उघडून पाहिलें, तों सहांपैकीं एका सिलिंडरच्या लायनरला सुईच्या अग्राएवढें छिद्र पडून त्यांत रात्रभर पाणी साठलें होतें, आणि पाण्यावर पिस्टन आपटल्यामुळें एक रॉड वांकला होता. लायनर व रॉड बदलून तें एंजिन दुसऱ्याच्या यंत्रांत चालूं लागलें. बाई मंडळीला कांहीं बोलल्या नाहींत. सभेला मात्र पुन्हां आल्या नाहींत.

आमचें पहिलें म्हणणें असें कीं, एंजिन आपण होऊन मरत नाहीं. त्यास कांहीं तरी मारतें. तें काय, हें कळल्यावांचून दुसरें एंजिन बसविणें म्हणजे फुटलेला बांध तसाच ठेवून पुन्हां लावणी करणें होय. आमच्या एंजिनास आमच्याच पाण्यानें मारलें. किनाऱ्यालगतच्या मचूळ विहिरीचें पाणी आम्ही वर्षानुवर्षें रेडिएटरमध्यें ओतीत होतों. अशा पाण्यानें एंजिनाच्या पोटांत क्षार बसतात, उष्णता बाहेर पडत नाहीं, आणि धातु गंजते. शिवाय लायनर कंप पावत असल्यामुळें त्याच्या बाहेरच्या अंगाला पाण्यांत बारीक बुडबुडे होऊन फुटतात व हळूहळू छिद्र पाडतात. म्हणून कूलंट घालण्यास सांगतात तें उगाच नव्हे. दुर्दैव असें कीं, दुसऱ्या एंजिनासहि आम्हीं त्याच विहिरीचें पाणी पाजलें.

दुसरें कारण धूळ. एअर क्लीनरपासून एंजिनापर्यंतची रबरी नळी एका जागीं चिरली, कीं मातीचा कण थेट सिलिंडरांत जातो व रिंगा आणि लायनर घांसून टाकतो. तिसरें कारण वंगण : तेल वेळेवर न बदलणें किंवा दांड्यानें न मोजणें. या तिन्ही गोष्टींचा खर्च थोडा, आणि तिन्ही चालकाच्या व मालकाच्या हातच्या आहेत.

दुसरें म्हणणें असें कीं, एंजिन गेलें हा निकाल उघडल्यावांचून देऊं नये. तेल काढून पाहावें. दुधासारखें असल्यास त्यांत पाणी शिरलें आहे. तेलाचा फिल्टर कापून पाहावा. चकाकणारा कीस असल्यास बेअरिंग गेलें आहे. एंजिन फिरत नसल्यास स्टार्टर मारीत बसूं नये. नोझल काढून बार लावून हातानें फिरवावें, म्हणजे साठलेलें पाणी वाटेनें बाहेर येईल व रॉड वांचेल. कित्येकदां एंजिन निर्दोष असतें, आणि त्यास जोडलेला हायड्रॉलिक पंप अडकलेला असतो. तो सोडवून मगच दोष ठरवावा. ही तपासणी एका दिवसांत होते. एका दिवसाची घाई आम्हांस दोन हंगामांस पडली.

लॉरीचें एंजिन बुलडोझरला कां चालत नाहीं, असें कित्येक विचारतात. अश्वशक्ति तर सारखीच असते. परंतु लॉरीचें एंजिन चढावर श्रमतें आणि उतारावर व सपाटीवर विसांवा घेतें. बुलडोझरचें एंजिन तासन् तास पुऱ्या भाराखालीं एकाच गतीनें चालतें. लॉरीची तेलाची परात सपाट रस्त्यासाठीं केलेली असते. यंत्र तिरक्या चढावर उभें राहिलें कीं तेल एका कडेला जातें, पंपाला हवा लागते आणि बेअरिंग कोरडें पडतें. लॉरीचा पंखा हवा आंत ओढतो. पुष्कळ बुलडोझरांचा पंखा ती बाहेर लोटतो, म्हणजे पालापाचोळा रेडिएटरवर बसूं नये. जोडाची पट्टी मध्यें घालून एंजिन बसवितां येतें खरें, परंतु जोड केंसभर वांकडा राहिला तरी क्रँकवर ताण पडतो. उलट त्याच जातीच्या यंत्राचें, त्याच गतीचें एंजिन खात्रीचें मिळाल्यास तें बसविण्यास आमची हरकत नाहीं.

जुनें यंत्र टाकून नवें घ्यावें, असा उपदेशहि होतो. इतिहास पाहिला तर सरसकट तसें म्हणतां येत नाहीं. १९४७ सालीं केंद्र सरकारनें ट्रॅक्टर संघटना काढली ती युद्धानंतर अमेरिकन सैन्यानें मागें ठेवलेल्या साखळीच्या ट्रॅक्टरांवर. मध्य हिंदुस्थानांतील कांसगवतानें व्यापलेली जमीन त्यांनीं नांगरली. नव्या यंत्रांसाठीं जागतिक बँकेचें एक कोट डॉलरचें कर्ज आलें तें १९४९ सालीं. आपल्याकडे पुण्यास किर्लोस्कर कमिन्सचा एंजिनांचा कारखाना १९६२ सालीं निघाला व बंगलोरास भारत अर्थ मूव्हर्स ही सरकारी कंपनी १९६४ सालीं स्थापन झाली. ज्या जातीचीं यंत्रें देशांत पुष्कळ खपलीं, त्यांचे लायनर, पिस्टन व बेअरिंगें अजूनहि मिळतात. क्रँक घांसून पाव मिलिमीटर कमी केला तर त्या मापाचें बेअरिंग येतें. लायनर तर बदलण्यासाठींच केलेला असतो.

आतां हिशेब. आम्ही कारकुनी केलेलीं माणसें. आंकडा मांडल्यावांचून आमचें समाधान होत नाहीं. समजा, मूळ एंजिन नीट दुरुस्त करण्यास ४,५०,००० रुपये लागले व तें ३,००० तास चाललें. तासास १५० रुपये पडले. समजा, लॉरीचें जुनें एंजिन बसवून २,५०,००० रुपयांत भागलें व तें ५०० तास चाललें. तासास ५०० रुपये पडले. स्वस्त कोणतें, हें वाचकांनींच ठरवावें. त्यांत बुडालेला हंगाम आम्हीं धरलेलाच नाहीं.

दुरुस्ती केव्हां करूं नये, हेंहि सांगितलें पाहिजे. ब्लॉकला तडा गेला असेल, क्रँक शेवटच्या मापापर्यंत घांसला गेला असेल, तर मूळ एंजिनाचा मोह सोडावा. तसेंच एंजिनाचा विचार करण्यापूर्वीं साखळी, रोलर व स्प्रॉकेट पाहावे. साखळीच्या यंत्राच्या दुरुस्तीचा सुमारें निम्मा खर्च त्याच्या पायांतच जातो. पाय गेलेल्या यंत्रास नवें हृदय घालून उपयोग नाहीं. तेव्हां तें विकून कामापुरतें भाड्यानें यंत्र आणावें हेंच बरें.

शेवटीं मंडळीच्या सभासदांपुढें तीन सूचना ठेवतों. जमिनीस जसा सातबारा तशी यंत्रास नोंदवही असावी. तास, तेल, फिल्टर व पाणी यांची नोंद रोज व्हावी आणि ती मासिक सभेंत वाचावी. प्रत्येक तासाच्या भाड्यांतून ठराविक रक्कम दुरुस्तीसाठीं निराळी काढावी, म्हणजे चैत्रांत वर्गणीसाठीं दारोदार फिरावें लागणार नाहीं. आणि यंत्राची तपासणी श्रावण-भाद्रपदांत, तें रिकामें असतांना करावी. हंगामांत दोष निघालाच तर दोन मिस्त्रींचें मत घेतल्यावांचून कोणीहि, मग तो हिशेब पाहणारा कां असेना, व्हाउचरावर सही करूं नये.

त्या बाईंच्या शेतांत गाळाची माती टाकून देण्याचा ठराव आम्ही येत्या सभेंत मांडणार आहों. ती माती मंडळीच्या निष्काळजीपणानें गेली. ती मंडळीनेंच भरून दिली पाहिजे. सभासदांनीं त्यास पाठिंबा द्यावा, अशी आमची विनंति आहे.