उम्रीगरांना अष्टपैलू का म्हणू नये?

पॉली उम्रीगर सोलापूरचे, जन्म 1926 चा. 59 कसोटी, 3631 धावा, 12 शतकं. बळी मात्र 35, तेही प्रत्येकी 42 धावा मोजून. म्हणून अष्टपैलूंच्या पंगतीत त्यांना सहसा पाट मिळत नाही. हा हिशेब अपुरा आहे. डिसेंबर 1959 मध्ये कानपूरला ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅलन डेव्हिडसनने 12 बळी घेतले. अष्टपैलू असावा तर असा. तरी सामना भारताने जिंकला, ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिल्यांदाच. जसू पटेलांच्या 14 बळींचं कौतुक रास्तच. पण शेवटच्या डावात पाहुणे 105 धावांत आटोपले, त्यात 27 धावांत 4 बळी उम्रीगरांचे होते.

कोणी म्हणेल, एका दुपारच्या गोलंदाजीने कारकीर्द ठरत नाही. मान्य. मग 1962 चं पोर्ट ऑफ स्पेन घ्या: वेस्ट इंडीजविरुद्ध 107 धावांत 5 बळी, आणि फलंदाजीत 56 व नाबाद 172. भारत हरला, हे खरं. पण तो दोष त्यांचा कसा? (1952 च्या इंग्लंड दौऱ्यात सात डावांत 43 धावा करणाराही हाच माणूस, हे लपवायचं कारण नाही.) जोडीला भेदक वेगवान गोलंदाज नसलेल्या संघात फलंदाजाने षटकांचा भारही वाहावा, ही त्या काळाची गरज होती. आज सोलापूरचाच अर्शीन कुलकर्णी सलामीला येतो, मध्यमगती माराही करतो. वळसंगपासून सोलापूरपर्यंतच्या क्रिकेटवेड्यांनी निदान त्याला तरी नुसत्या बळींच्या रकान्यावरून जोखू नये.