टपालाची चाकरी

'मोठेपणी तू कोण होणार?' या प्रश्नास वर्गातील मुले जी उत्तरे देतात, त्यांत डॉक्टर असतो, इंजिनिअर असतो, सैनिक असतो, क्रिकेटपटू तर हमखास असतो. एखादा भाविक विद्यार्थी गुरुजनांस बरे वाटावे म्हणून शिक्षक होण्याचीही इच्छा दर्शवितो. परंतु 'मी पोस्टमन होईन' असे उत्तर मला आजवर एकाही मुलाने दिलेले नाही. यात मुलांचा दोष नाही. ज्या कामाविषयी घरात आदराने बोलले जात नाही, त्या कामाची ओढ मुलांस वाटावी कशी? शिवाय हल्ली आणखी एक मत रूढ होऊ पाहत आहे. पत्रे लिहिण्याचे दिवस गेले, तेव्हा टपालखात्याचेही दिवस भरले, असे शहाणीसुरती माणसे म्हणतात. हे मत मला मान्य नाही. ते का मान्य नाही, हे सांगण्यापूर्वी टपालाची चाकरी म्हणजे नेमके काय, याचा थोडा विचार करू.

बडोद्याचे मुख्य डाकघर रावपुऱ्यात आहे. रेल्वे टपाल सेवेच्या 'डब्ल्यू' विभागाचे ठाणेही याच शहरात आहे. एके काळी या सेवेतील माणसे धावत्या गाडीत, रात्रीच्या रात्री उभे राहून पत्रांची वर्गवारी करीत. गाडी हलत असे, दिवा मिणमिणत असे, आणि पुढचे स्थानक येण्याच्या आत त्या गावची थैली बांधून, तिला लाखेची मोहोर लावून ती तयार ठेवावी लागे. आता ही वर्गवारी बहुतांशी स्थिर कचेऱ्यांत होते. परंतु घड्याळाशी चाललेली शर्यत सुटलेली नाही. सकाळी थैल्या उघडावयाच्या, नग मोजावयाचे, शिक्के मारावयाचे, मग प्रत्येकाच्या बीटीप्रमाणे ते वेगळे करावयाचे. पोस्टमन आपला गठ्ठा हाती घेतो आणि आपल्या वाटेवर घरे ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने तो लावतो. जो नग नोंदणीचा असेल त्याची सही घ्यावयाची, पैसे असतील तर ते मोजून द्यावयाचे, आणि परत आल्यावर प्रत्येक नगाचा हिशेब चुकता करावयाचा. जे पोहोचले नाही ते का पोहोचले नाही, याचेही कारण लिहावे लागते: घर बंद, पत्ता अपुरा, जागा सोडून गेले, घेण्यास नकार. दिवसभराच्या पायपिटीनंतर असा पै-पैचा आणि कागदा-कागदाचा हिशेब देणारे कामगार आपल्या समाजात फार थोडे आहेत.

आमच्या समा भागाचेच उदाहरण घ्या. एकेकाळी हे शहराबाहेरचे गाव होते. आता येथे सोसायट्यांची एवढी दाटी झाली आहे की, एकसारख्या नावाच्या दोन सोसायट्या जवळजवळ असणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. कोणी पत्ता गुजरातीत लिहितो, कोणी मराठीत, कोणी हिंदीत, कोणी इंग्रजीत. कोणी घराचा क्रमांक लिहितो व सोसायटीचे नाव विसरतो, तर कोणी 'मंदिराच्या मागे' एवढेच लिहून मोकळा होतो. ही सर्व कोडी सोडविणारा माणूस पुस्तकी विद्वान नसेल, परंतु तीन लिप्या वाचणारा आणि शेकडो कुटुंबांची नावे मुखोद्गत असणारा तो एक जाणता माणूस असतो, हे विसरता कामा नये. उन्हाळ्यात बडोद्याचे ऊन डोक्यावर असते, पावसाळ्यात विश्वामित्रीचे भय असते. ऑगस्ट २०२४ मध्ये तिचे पाणी समासह शहराच्या अनेक भागांत शिरले, तेव्हा रस्ता कोणता आणि अंगण कोणते हेही कळेनासे झाले होते. ज्याच्या खांद्यावर कागदांची थैली आहे, त्याच्यासाठी पाणी हा काही साधा शत्रू नव्हे.

पत्त्यांचा हा गोंधळ आवरण्याची युक्ती एका मराठी माणसाने काढली, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात ठेवावी. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातील वरिष्ठ अधिकारी, आणि त्याचबरोबर संस्कृतचे नामांकित कवी होते. त्यांच्या योजनेनुसार १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिनकोड सुरू झाला. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन आकडे मिळून वर्गवारीचा जिल्हा सांगतात, आणि शेवटचे तीन आकडे प्रत्यक्ष डाकघर दाखवितात. बडोद्याचे पत्र ३९० वर येते, गोव्याचे ४०३ वर जाते. पत्ता कोणत्याही लिपीत असो, आकडे वाचता आले की पत्र योग्य थैलीत पडते. काव्यशास्त्रात रमणाऱ्या माणसाला टपालाच्या थैलीचा विचार कमी प्रतीचा वाटला नाही, यात आपल्यासाठी बोध आहे.

आता त्या दुसऱ्या मताकडे वळू. आता पत्रे लिहितो कोण, असे विचारले जाते. या प्रश्नात तथ्य नाही असे नाही. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. डेन्मार्कमधील राष्ट्रीय टपालसेवा १६२४ साली सुरू झाली होती. तिने २०२५ च्या अखेरीस घरोघर पत्रे वाटण्याचे काम थांबविले. श्रीमंत आणि शिकलेल्या देशात हे होते, तर आपल्याकडे का होऊ नये, असा युक्तिवाद कोणी करील.

त्यावर माझे उत्तर असे की, टपालखाते हे केवळ पत्रांचे खाते कधीच नव्हते. १८८० मध्ये त्याने मनीऑर्डर सुरू केली, १८८२ मध्ये बचत बँक सुरू केली, १८८४ मध्ये विमा सुरू केला. आमच्या सावंतवाडीकडच्या गावांत पोस्टमन म्हणजे मुंबईचा पैसा, असेच समीकरण होते. घरातला कर्ता पुरुष मुंबईस गिरणीत किंवा हॉटेलात, आणि गावाकडची चूल त्याच्या मनीऑर्डरीवर. फॉर्मच्या तळाशी चार ओळी लिहिण्याइतकी जागा असे. तेवढ्यात खुशाली, शेताची चौकशी आणि मुलांच्या शाळेचा निरोप बसवावा लागे. गंमत अशी की, आम्ही घरी कोकणी बोलणारी माणसे, परंतु पत्रव्यवहार मात्र मराठीत. माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हते. पोस्टमन ओट्यावर बसून मराठीतला मजकूर वाची आणि तिला कोकणीत समजावून सांगे, मग नोटा दोनदा मोजून तिच्या हाती देऊन अंगठा घेई. त्या घरात किती पैसे आले हे त्याला ठाऊक असे, कोणाचा मुलगा पैसे पाठवीत नाही हेही ठाऊक असे. पण एका घरची गोष्ट दुसऱ्या घरी गेली, असे ऐकिवात नव्हते. मनीऑर्डरीचा तो जुना कागद आज राहिलेला नाही. काम संगणकावर गेले आहे. परंतु २०१८ मध्ये टपालखात्याची पेमेंट्स बँक निघाली, आणि २०२० च्या टाळेबंदीत वृद्धांच्या दारी जाऊन बोटाच्या ठशावर त्यांच्या खात्यातील पैसे त्यांच्या हातात ठेवणारा माणूस तोच पोस्टमन होता. कागद बदलला, पण ओटा, अंगठा आणि विश्वास तेच राहिले.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, टपालसेवेचे मोल ती किती पत्रे वाटते यावरून ठरवू नये. ती शेवटच्या घरापर्यंत जाण्याचे बंधन पाळते की नाही, यावरून ठरवावे. खासगी कुरिअर जेथे फायदा आहे तेथे धावते, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. परंतु डोंगरापलीकडच्या एका घरासाठी पायवाट तुडविणे कोणत्याही व्यापारात बसत नाही. स्वातंत्र्याच्या वेळी आपल्या देशात २३,३४४ डाकघरे होती. आज ती दीड लाखाहून अधिक आहेत आणि त्यांपैकी सुमारे नव्वद टक्के ग्रामीण भागात आहेत. हिमाचल प्रदेशात, स्पितीच्या खोऱ्यात हिक्कीम नावाचे खेडे आहे. तेथे समुद्रसपाटीपासून चौदा हजार फुटांहून अधिक उंचीवर १९८३ पासून डाकघर चालू आहे. नफ्यातोट्याचाच हिशेब केला असता, तर त्याचे दार कधीच उघडले नसते.

आता हे बंधन प्रत्यक्षात पाळतो कोण, हे पाहिले म्हणजे मात्र मान खाली जाते. खेड्यांतील टपाल ज्यांच्या जिवावर चालते, ते सुमारे अडीच लाख ग्रामीण डाक सेवक खात्याचे नियमित नोकर समजले जात नाहीत. दहावीच्या गुणांवर त्यांची निवड होते. त्यांचे काम दिवसाला चार ते पाच तासांचे धरले जाते. पोटापाण्याचे अन्य साधन असावे, अशीही त्यांच्याकडून अपेक्षा असते. शाखा डाकघरासाठी जागा शाखा डाकपालानेच पाहावयाची. २०१८ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे चार तासांसाठी शाखा डाकपालास दरमहा १२,००० रुपये व त्याच्या सहायकास १०,००० रुपये, वर महागाई भत्ता. पासष्टाव्या वर्षी काम सुटते तेव्हा नियमित कर्मचाऱ्यासारखे निवृत्तिवेतन नाही. अशा सेवकांचे पद हे शासकीय स्वरूपाचे नागरी पद आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये राजम्मा यांच्या खटल्यात दिला, त्यामुळे त्यांना विनाचौकशी काढून टाकणे अवघड झाले. परंतु पद मान्य होऊनही मान आणि मोबदला अर्धाच राहिला. खेड्यातील माणूस डाकघरात पूर्ण विश्वास ठेवतो. मग तो विश्वास सांभाळणारा सेवक अर्धवेळ कसा?

विश्वास हेच या चाकरीचे भांडवल आहे, आणि ते एकतर्फी असून चालत नाही. इंग्लंडमध्ये काय घडले पाहा. तेथे डाकघरांत हिशेबासाठी एक संगणकप्रणाली बसविण्यात आली. तिच्यातील दोषांमुळे खात्यांत नसलेली तूट दिसू लागली. वरिष्ठांनी यंत्र खरे मानले व माणूस खोटा मानला. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक डाकपालांवर चोरी, अफरातफर, खोटे हिशेब असे गुन्हे शाबीत झाले. कित्येक तुरुंगात गेले, कित्येकांचे संसार मोडले. अखेर २०२४ मध्ये तेथील संसदेला खास कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. ज्या संस्थेवर सारा गाव विश्वास ठेवतो, त्या संस्थेने स्वतःच्या माणसावर विश्वास ठेवला नाही, तर काय अनर्थ होतो, याचा हा धडा आहे. आपल्या खेड्यांतील सेवकांच्या हातीही आता यंत्रे आली आहेत. यंत्रे येऊ द्यावीत. परंतु हिशेब जुळेनासा झाला तर आधी यंत्राचीही झडती घ्यावी, एवढी न्यायबुद्धी आपण राखली पाहिजे.

टपाल उशिरा येते, कधी शेजारच्या घरी पडते, खिडकीवर गोड बोलले जात नाही, अशा तक्रारी पालकांकडून मी ऐकतो. त्या सर्वच खोट्या नाहीत आणि त्यांवर पांघरूण घालण्याचे कारणही नाही. सार्वजनिक सेवेने टीका सोसलीच पाहिजे. परंतु एका बीटीचा माणूस रजेवर गेला म्हणजे दुसऱ्याला दोन बीटी चालाव्या लागतात, हेही टीका करणाऱ्याने जाणून घ्यावे. जेथे माणसे अपुरी तेथे उशीर अपरिहार्य. त्याचा जाब थैली वाहणाऱ्यास नव्हे, तर माणसे न नेमणाऱ्यास विचारावा.

मग आपण काय करावे? मोठ्यांनी आपल्या प्रतिनिधींना डाक सेवकांच्या वेतनाविषयी व निवृत्तिवेतनाविषयी प्रश्न विचारावेत; तो प्रश्न त्यांच्या संघटनांचा आहे तितकाच आपलाही आहे. विद्यार्थ्यांनी करण्यासारख्या गोष्टी लहान आहेत, म्हणून त्या सोप्या समजू नयेत. पाकिटावर पूर्ण पत्ता व पिनकोड सुवाच्य लिहावा, पाठविणाऱ्याचा पत्ताही लिहावा. घराच्या दारावर नाव आणि क्रमांक ठळक असावा. कुत्रा असेल तर तो बांधलेला असावा. आपल्या पोस्टमनचे नाव आपणांस ठाऊक असावे, कारण आपले नाव त्यास ठाऊक आहे. आणि परगावी राहणाऱ्या आजी-आजोबांना वर्षातून एकदा तरी पोस्टकार्ड लिहावे. ते अद्याप पन्नास पैशांत मिळते. एवढ्या पैशांत एक माणूस तुमचे दोन शब्द हजार मैलांवरच्या दारापर्यंत पोहोचवितो. त्याचा खर्च याहून किती तरी अधिक असतो आणि तो देश सोसतो.

'डाक सेवा, जन सेवा' हे टपालखात्याचे ब्रीद आहे. ते भिंतीवर लिहिणे सोपे, पायांनी चालून दाखविणे कठीण. जे ते चालून दाखवितात, त्यांना त्यांच्या कष्टांचा पूर्ण दाम मिळाला आणि आपल्या घरी त्यांच्या कामाविषयी आदराने बोलले जाऊ लागले, तर उद्या वर्गात एखादा हात वर होईल आणि एखादा विद्यार्थी न लाजता म्हणेल, 'मी पोस्टमन होईन.' त्या दिवशी बाकीची मुले हसणार नाहीत, अशी शाळा आणि असे घर घडविणे हे आपणा सर्वांचे काम आहे.