हस्तगत विमानाचे माहात्म्य

युद्धेतिहासाच्या लोकप्रिय ग्रंथांत एक मत इतक्या वेळा आणि इतक्या निःशंकपणे मांडले गेले आहे की, त्याची खातरजमा करून घेण्याची गरजही आता कोणास भासत नाही. ते मत असे की, शत्रूचे अव्वल लढाऊ विमान शाबूत स्थितीत हाती लागले म्हणजे त्याचे सारे गुह्यच हाती आले. त्या गुह्याच्या आधारे आपले कारागीर त्याहून सरस विमान घडवतात, आणि युद्धाचे पारडे फिरते. या मताच्या पुष्टीसाठी हटकून दिला जाणारा दाखला म्हणजे अकुतान बेटावर सापडलेल्या जपानी ‘झीरो’ विमानाचा. पूर्वपक्ष पुरता मांडल्यावाचून खंडनास हात घालणे आपल्याकडील वादपद्धतीला सोडून होईल, म्हणून ती हकीकत आधी यथास्थित सांगतो.

४ जून १९४२ रोजी अल्यूशन बेटांतील डच हार्बर या अमेरिकी तळावर ‘र्‍यूजो’ या विमानवाहू जहाजावरून निघालेल्या जपानी विमानांनी हल्ला चढवला. त्यांतील तादायोशी कोगा या तरुण वैमानिकाच्या झीरोला खालून सुटलेली गोळी लागून तेलाची नळी फुटली. इंजिन अडकण्यापूर्वी कोठे तरी उतरणे प्राप्त होते. अशा प्रसंगासाठी अकुतान बेट आधीच मुक्रर केलेले होते, आणि वैमानिकाला उचलून नेण्यासाठी पाणबुडीही जवळपास ठेवलेली होती. वरून हिरवे सपाट कुरण दिसले म्हणून कोगाने चाके सोडली. ती टेकली मात्र, आणि गवताखाली दडलेल्या दलदलीत रुतून विमान उलटे झाले व कोगा जागीच गतप्राण झाला. शत्रूच्या मुलखात पडलेले झीरो शाबूत राहू द्यायचे नाही, असा त्याच्या दोघा सोबत्यांना हुकूम होता. पण आत आपला गडी जिवंत असला तर, या शंकेने त्यांचा हात धजावला नाही. (न झाडलेल्या त्या फैरीबद्दल या दोघांना दोष देणाऱ्या लेखकांनी क्षणभर त्यांच्या जागी बसून पाहावे.) महिन्याहून अधिक काळ ते विमान चिखलात उताणे पडून होते. १० जुलै रोजी गस्तीवरच्या एका अमेरिकी विमानाच्या नजरेस ते पडले. पुढे मोठ्या खटपटीने ते उचलून सॅन डिएगोच्या नाविक तळावर नेण्यात आले, शेपटी, पंखांची टोके, वैमानिकाच्या माथ्यावरचे छत वगैरे दुरुस्त करण्यात आले, आणि २० सप्टेंबर १९४२ रोजी एडी सँडर्स या अधिकाऱ्याने ते प्रथम उडवले. १५ ऑक्टोबरपर्यंत त्याने त्याची २४ उड्डाणे केली.

येथवरच्या हकीकतीविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढच्या विधानाविषयी. या उड्डाणांतून झीरोची वर्मे कळली, त्या वर्मांना अनुलक्षून ग्रमन कंपनीने ‘हेलकॅट’ विमानाची आखणी केली, आणि त्या हेलकॅटनेच १९४३ पासून झीरोचा निःपात केला, असे सांगितले जाते. मासाताके ओकुमिया यांच्यासारख्या जपानी नौदलाच्या माहीतगार अधिकाऱ्याने तर कोगाचे विमान शत्रूहाती जाणे ही मिडवेच्या पराभवाच्या तोडीची आपत्ती ठरवली. जेत्याला आपल्या चातुर्याची कथा प्रिय असते हे समजण्यासारखे आहे. परंतु पराभूतालाही आपला पराभव शत्रूच्या कारखान्यांनी आणि मनुष्यबळाने केला असे म्हणण्यापेक्षा एका फुटक्या नळीने केला असे म्हणणे सुसह्य वाटते, आणि म्हणून दोन्ही पक्ष एकच साक्ष देताना दिसतात. दोन्ही पक्षांची जबानी जुळली म्हणजे ती खरी, असा कायदा कोठेच नाही.

वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला तेव्हा बखरींची कथा अस्सल पत्रांच्या तारखांवर घासून पाहण्याचा शिरस्ता त्यांनी आपल्याला घालून दिला. तीच कसोटी येथे लावू. हेलकॅटच्या नमुन्याचा करार ३० जून १९४१ चा, म्हणजे पर्ल हार्बरच्याही पाच महिने आधीचा. त्याचा पहिला नमुना आकाशात गेला २६ जून १९४२ रोजी. त्या दिवशी कोगाचे विमान अकुतानच्या चिखलातच होते आणि कोणाही अमेरिकनाला त्याचा पत्ता नव्हता. दोन हजार अश्वशक्तीचे ज्यादा ताकदवान इंजिन बसवलेला नमुना ३० जुलै रोजी उडाला. तेव्हा झीरोची दुरुस्तीही व्हायची होती. कारण कार्याच्या आधी असावे लागते, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या पाठातले सूत्र मान्य असेल, तर हेलकॅट हे अकुतानचे अपत्य नव्हे हे निराळे सिद्ध करण्याची जरूर नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडावी, तसाही हा प्रकार नाही. येथे फांदी आधी तुटली आहे आणि कावळा मागाहून बसला आहे.

कोणी म्हणेल, विमान राहो, निदान झीरोशी लढण्याची रीत तरी या मुद्देमालातूनच निघाली असेल. तीही नाही. झीरो १९४० सालीच चीनच्या आकाशात अवतरले होते. तेथे चिनी हवाई दलाचे सल्लागार असलेल्या अमेरिकी क्लेअर शेनॉल्ट यांनी त्याविषयी वॉशिंग्टनला इशारे धाडले होते, आणि ते दप्तरात पडून राहिले होते. १९४१ मध्ये असाच एक वृत्तांत वाचनात आल्यावर जॉन थॅच या नाविक अधिकाऱ्याने घरी मेजावर आगकाड्या मांडून एक व्यूह रचला: दोन विमानांनी अंतर राखून बरोबरीने जावे, आणि एकाच्या शेपटीवर गनीम आला की दोघांनी एकदम एकमेकांच्या दिशेने वळावे, म्हणजे पाठलाग करणारा आपोआप दुसऱ्याच्या तोफांपुढे येतो. या व्यूहाने हलक्या, चपळ झीरोपुढे जड अमेरिकी ‘वाइल्डकॅट’ विमानाचा निभाव लागतो, हे रणात ठरले ते मिडवेच्या लढाईत. आणि ती तारीख होती ४ जून १९४२, म्हणजे ज्या दिवशी कोगा अकुतानवर उलटला तोच दिवस. झीरोच्या टाक्यांना गोळी लागताच त्या पेट घेतात, वैमानिकामागे चिलखत नाही, हेही लढणाऱ्यांनी पाहिलेले होते आणि पर्ल हार्बरला पडलेल्या अवशेषांतून उमगलेले होते.

पूर्वपक्षाच्या भात्यात आणखी एक बाण उरतो, आणि तो बोथट नाही. तो म्हणजे सोव्हिएत तुपोलेव-४ चा. १९४४ मध्ये जपानविरुद्धच्या मोहिमांतून व्लादिवोस्तोकला उतरलेली अमेरिकी बी-२९ बाँबफेकी विमाने सोव्हिएत सरकारने अडकवून ठेवली, त्यांतील एकाचे तुकडे तुकडे करून प्रत्येकाचे माप घेतले, आणि ३ ऑगस्ट १९४७ रोजी मॉस्कोजवळच्या तुशिनो येथे त्यांची नक्कल जगाला दाखवली. नक्कल होऊ शकते हे निर्विवाद. पण ती अवजड बाँबफेकी विमानाची होती, एका बलाढ्य सत्तेने आपले सारे उद्योग त्यास जुंपले होते, आणि तरीही ती सिद्ध होईपर्यंत युद्ध संपून दोन वर्षे लोटली होती. लढाऊ विमानाच्या स्पर्धेत दोन वर्षांनी तयार झालेली नक्कल म्हणजे वरातीमागून घोडेच.

मग हस्तगत विमान निरुपयोगी म्हणायचे काय? असे म्हणणारा एक वर्ग आहे. त्याच्या लेखी असे विमान म्हणजे विजयाची निशाणी, जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरवून युद्धकर्ज गोळा करण्याचे साधन. या वर्गाचे खंडन करणे आम्हांला अधिक अगत्याचे वाटते, कारण त्याची चूक शहाणपणाच्या वेषात येते. हस्तगत विमानाचा खरा लाभ कारागिराला होत नसून वैमानिकाला होतो, हे त्याच्या ध्यानातच येत नाही.

पहिल्या महायुद्धातले उदाहरण घ्या. १९१५ च्या उत्तरार्धात जर्मनांचे फॉकर एकपंखी विमान पंख्याच्या फिरत्या पात्यांमधून गोळ्या झाडू लागले, आणि इंग्रज वैमानिकांत त्याची अशी दहशत बसली की त्याच्या अंगी अमानुष वेग आणि चढण्याची शक्ती आहे असे जो तो सांगू लागला. एप्रिल १९१६ मध्ये एक फॉकर वाट चुकून इंग्रजांच्या हद्दीत उतरले. सेंट ओमेरच्या मैदानावर मोरान जातीच्या विमानाशी त्याचा मुकाबला लावण्यात आला, तेव्हा मोरान सरस ठरले. बंदुकीची ती युक्ती वगळता फॉकर हे साधारण विमान होते. इंग्रजांच्या विमानांत त्या दिवशी एका खिळ्याचाही फरक झाला नाही. तथापि ज्यांना दुसऱ्या दिवशी वर जायचे होते त्यांनी आपल्या डोळ्यांनी गनिमाची मर्यादा पाहिली, आणि ही प्राप्ती लहान नव्हे.

याच्या उलट प्रकार २३ जून १९४२ रोजी घडला. आर्मिन फाबर हा जर्मन वैमानिक चकमकीनंतर दिशा चुकला, ब्रिस्टलच्या खाडीला इंग्लिश खाडी समजून ती ओलांडून गेला, आणि फ्रान्स समजून वेल्समधील पेंब्री विमानतळावर नव्या कोऱ्या फोके-वुल्फ १९० सह उतरला. तेथला कामावरचा शिपाईगडी इशाऱ्याचे पिस्तूल घेऊन धावला आणि जर्मनाच्या पंखावर चढला. गंमत अशी की, हेच विमान फ्रान्समधून चोरून आणण्यासाठी इंग्रजांनी छाप्याची योजना चालवली होती. ती गुंडाळावी लागली. डक्सफर्डच्या चाचण्यांत जे निघाले ते सुखावह नव्हते: तेव्हाच्या स्पिटफायर-५ पेक्षा हे विमान बहुतेक उंचींवर ताशी २५ ते ३५ मैलांनी वेगवान, स्पिटफायर सरस ते केवळ आखूड वळणात. उपाय म्हणून जे स्पिटफायर-९ पुढे आले, ते या विमानामुळे नव्हे. ते आधीच तयार होत होते आणि त्याच जुलैमध्ये पलटणीत दाखल झाले. ऑगस्टमध्ये दिएपच्या मोहिमेत इंग्रजांची शंभराच्या आसपास विमाने खर्ची पडली, ती फाबरचे विमान ताब्यात असताना. परंतु गनिमाच्या टापूत शिरताना इंधन वाचवीत सावकाश जाऊ नका, वेग प्रथमपासून चढा ठेवा, ही जी ताकीद त्या चाचण्यांवरून निघाली, तिच्यामुळे किती जण परत आले याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही, कारण जो परत येतो त्याचा पंचनामा होत नाही.

आता पुन्हा सँडर्सच्या २४ उड्डाणांकडे वळू. झीरोला वळणात गाठू नये, सूर मारून निसटावे, हे वैमानिकांना ठाऊक होते. परंतु ते अनेकांच्या रक्ताने मिळवलेले, तुटक, ऐकीव ज्ञान होते. सँडर्सने त्याला अंक दिले. २०० नॉटच्या पुढे झीरोचे एलरॉन (पंखांवरील, विमान कुशीवर कलवणाऱ्या झडपा) जखडल्यासारखे होतात, म्हणून त्या वेगात ते कुशीवर वळता वळत नाही. डावीकडे जितके सहज कलंडते तितके उजवीकडे नाही. आणि नाक एकाएकी खाली दाबले की तरंगत्या गोळीच्या कार्ब्युरेटरमुळे त्याचे इंजिन क्षणभर गचके खाते. यावरून नवशिक्याला दोन वाक्यांत सांगता येत होते की, शेपटीवर झीरो आले तर नाक दाबून सूर मार, वेग २०० च्या वर जाताच उजवीकडे वळ. मिडवेला जे थॅचसारख्या कसलेल्या माणसाला साधले, ते त्या वर्षीच्या भरतीतल्या पोराला साधण्याजोगे झाले. आमचे मंडन आहे ते एवढेच.

ते तेवढेच का, हे आपल्या घरचे उदाहरण सांगते. ३ सप्टेंबर १९६५ रोजी स्क्वाड्रन लीडर सिकंद यांचे नॅट विमान पाकिस्तानातील पसरूरच्या धावपट्टीवर उतरले. ते पाकिस्तानी स्टारफायटरला शरण आले, ही पाकिस्तानची कैफियत. साथीदारांपासून तुटलेल्या वैमानिकाने ती पट्टी आपली समजली, ही आपली. वाद कसाही मिटो, विमान त्यांच्या हाती राहिले, त्यांच्या वैमानिकाने ते तेथून उडवून नेले, आणि आज ते कराचीच्या हवाई दलाच्या संग्रहालयात आहे. सहा वर्षांनी, २२ नोव्हेंबर १९७१ रोजी, पूर्व पाकिस्तानच्या सीमेवरील बोयराच्या आकाशात दमदमहून निघालेली चार नॅट पाकिस्तानी सेबर विमानांवर तुटून पडली. आपला दावा तीन सेबरांचा आहे. तो बाजूला ठेवला तरी दोन पडली व त्यांचे वैमानिक पकडले गेले, यावर दुमत नाही. ती सेबर जमिनीवरच्या लक्ष्यांवर मारा करण्यात गुंतली होती, आणि नॅट त्यांच्या पाठीशी येऊन ठेपेपर्यंत वेळ निघून गेली होती. नॅट किती आखूड वळते, किती वेगाने चढते, याचा तपशील पेशावर-सरगोध्याच्या कपाटांत खुशाल असेल. त्या दिवशी तो वापरण्याची संधी त्या वैमानिकांना मिळालीच नाही.