साठ की आठ?

परवा विश्रांतवाडीच्या चौकात भाजी घेताना गंमत झाली. भाजीवाली ‘साठ रुपये’ म्हणाली, मी ‘आठ’ ऐकले आणि दहाची नोट देऊन सुट्या पैशांची वाट पाहत उभा राहिलो. ‘बाबा, साठ म्हटलं, साठ!’ मागची मंडळी हसली. मीही हसलो, घरी येईपर्यंत मात्र हसू मावळले होते.

उमेदीची तीस वर्षे मी पिंपरीकडच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये काढली. कानात घालायच्या बोळ्या मिळत, त्या आम्ही खिशात ठेवत असू. ‘सवय होते,’ असे जुने कामगार सांगत. पुढे डॉक्टरांनी तपासणीचा आलेख दाखवला तेव्हा कळले, की ती सवय नव्हती, झीज होती.

आपल्या आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी एक नळी असते. तिच्यात सुमारे १५ हजार केशपेशी असतात. ध्वनीची लहर आली, की त्यांच्या माथ्यावरचे सूक्ष्म केस वाकतात, बारीक झरोके उघडतात, पोटॅशियमचे विद्युतभारित कण आत शिरतात आणि पेशी शेजारच्या चेतातंतूला रासायनिक निरोप देते. मेंदूपर्यंत पोहोचतात ते केवळ विजेचे ठोके! ते नळीच्या कोणत्या जागेवरून आले, यावरून मेंदू पट्टी ओळखतो. तोंडाशी उंच पट्टी, आतल्या टोकाला खर्ज. मोठ्या आवाजाचा घाव बहुधा उंच पट्टीच्या पेशींवर आधी बसतो. म्हणून ‘स’ हरवतो आणि साठाचे आठ होतात. कोंबडीच्या कानात मेलेल्या केशपेशींच्या जागी नव्या येतात. माणसाच्या कानात येत नाहीत.

हे पुराण सांगण्याचे कारण माझी सात वर्षांची नात. गेल्या विसर्जनाला ती स्पीकरच्या भिंतीसमोर नाचत होती. मंडळाच्या मुलांना मी विनवले, तर उत्तर आले, ‘काका, वर्षातून एकदाच तर असतं!’ रात्री ती म्हणाली, ‘आजोबा, कानात शिट्टी वाजतेय.’ सकाळी शिट्टी थांबली आणि घरचे निर्धास्त झाले. मी झालो नाही. २००९ साली अमेरिकेत उंदरांवर झालेल्या संशोधनात दिसले, की मोठ्या आवाजानंतर ऐकणे पूर्ववत झाल्यासारखे वाटले, तरी केशपेशी आणि चेतातंतू यांचे कित्येक सांधे कायमचे तुटलेले असतात.

अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम चालते. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटे! आपल्याकडे २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. नियम कागदावर आहे. कान मात्र रस्त्यावर उभे आहेत.

लोहगावची विमाने आमच्या डोक्यावरून जातात. ते आपल्या हाती नाही. स्पीकरचे बटण मात्र आहे. माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला जाताना दरवर्षी विश्रांतवाडीवरूनच जाते. तिला कधी भिंत लागली नाही, म्हणून भक्ती उणी पडली का?

यंदा मुले वर्गणीला येतील तेव्हा मी पावती आनंदाने फाडीन. त्याआधी त्यांना चहा देईन आणि माझा तो आलेख पुढे ठेवीन.